त्या रस्त्यावर हरीण नव्हतं

ही गोष्ट सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं. विसरलो होतो म्हणून नव्हे. खरं तर ती मी अनेकदा सांगितली आहे, पण दुसऱ्या रूपात. इथल्या मराठी मंडळातल्या लोकांना सांगितली, भारतातून आलेल्या पाहुण्यांना सांगितली, पोलिसांना तर सगळ्यात आधी. त्या रूपात रस्त्यावर अचानक हरीण येतं, मी ब्रेक लावतो आणि मागची गाडी झाडावर जाते. ऐकणारे चुकचुकतात. 'थोडक्यात वाचलात' म्हणतात, आणि मी मान हलवतो.

आता डॉक्टरांनी माझं ड्रायव्हिंग बंद केलं आहे. बायको गेली. त्या दिवशी माझ्या गाडीत ती आणि मी, दोघंच होतो. म्हणजे माझ्या बाजूने खरं सांगू शकेल असा मीच उरलो आहे.

आधी मी कसा माणूस होतो ते सांगतो. पुण्याहून सत्तरच्या दशकात इंजिनिअर म्हणून इथे इंग्लंडला आलो, रीडिंगला घर केलं. दारू नाही, सिगरेट नाही, कुणाचं फुकट खाल्लं नाही. दिलेली वेळ पाळायची, रांगेत उभं राहायचं, आपली पाळी आली की पुढे जायचं. इंग्लंड मला आवडलं ते याचसाठी. मराठी मंडळात अकराची आरती म्हटली की मी अकराला सुरू करायचो, समोर चार माणसं असोत की चाळीस. पाठीमागे मला 'हेडमास्तर' म्हणायचे. मला ते ठाऊक होतं आणि आवडतही होतं.

गाडीत बसलो की हे सगळे गुण माझ्या हातापायांत उतरायचे. रांग सोडून बाजूने पुढे येणारी गाडी दिसली की मानेमागे गरम व्हायला लागायचं. मग मी पुढच्या गाडीच्या इतक्या जवळ जायचो की मध्ये सायकलही शिरू नये. कुणी शिरलंच तर मैलभर त्याच्या मागे लागायचो, हेडलाइट मारत, हॉर्नवरचा हात न काढता. आणि शिव्या. घरात कुणाला 'गाढव' न म्हणणारा मी, शाळेच्या मैदानामागे ऐकलेल्या सगळ्या शिव्या काचेवर थुंकी उडेपर्यंत द्यायचो. मराठीत. इथे कुणाला कळणार?

बायको दारावरचं हँडल धरून, डोळे मिटून बसायची.

'अहो, त्यांना ऐकू जात नाही. मला जातं.'

'मग कान बंद कर.'

'डोळे केलेत. दोन्ही हातांनी कान धरले तर हँडल कशाने धरू?'

एकदा इल्फर्डला मेहुणीकडे जाताना एका व्हॅनवाल्याने भर रस्त्यात गाडी उभी केली होती आणि तो आत बसून चिप्स खात होता. मी उतरलो आणि त्याच्या बॉनेटवर मूठ आपटली. तो काच खाली करून म्हणाला, 'आजोबा, शांत व्हा, हार्ट अटॅक येईल.' आणि एक चिप पुढे केली. मी त्याचा बाजूचा आरसा धरला आणि पिळत राहिलो, तो तुटून हातात येईपर्यंत. तळवा कापला, स्टिअरिंगवर रक्त लागलं. सांगायला लाज वाटते, पण उरलेल्या रस्त्यात मला फार शांत वाटत होतं. मेहुणीने हळद भरताना विचारलं, 'भाऊजी, एवढा राग?'

'राग नाही,' मी म्हणालो. 'तत्त्वाचा प्रश्न आहे.'

आणि मला ते मनापासून खरं वाटत होतं. रागीट माणसं वेगळी, असं मी समजत होतो. ती दारू पितात, बायकोला मारतात. मी फक्त बरोबर होतो.

तो गणपतीतला रविवार होता. दोन हजारच्या दशकाचा मध्य असेल. त्या वर्षी मंडळाने मोटरवेपासून थोडं आत, एका गावातल्या शाळेचा हॉल घेतला होता. हॉलची किल्ली माझ्याकडे होती. म्हणजे मी पोचल्याशिवाय कुणी आत जाऊ शकणार नव्हतं. बायको ऐनवेळी बागेत दूर्वा खुडत बसली आणि निघायला उशीर झाला. माझ्या आयुष्यात पहिल्यांदा लोक माझी वाट बघत दारात उभे राहणार होते. मी तिच्याशी बोलत नव्हतो.

मोटरवेवर काम चालू होतं. उजवी लेन पुढे बंद होती आणि डावीकडे लांबच लांब रांग लागली होती. मी रांगेत होतो, अर्थातच. उजवीकडून एक लहानशी जुनी लाल गाडी सरळ पुढे आली, रस्ता अडवायला ठेवलेल्या प्लास्टिकच्या कोनांपर्यंत, आणि माझ्या पुढे शिरण्यासाठी इंडिकेटर देऊ लागली. पाटीवर स्पष्ट लिहिलं होतं: दोन्ही लेन वापरा, शेवटी आळीपाळीने आत या. ती पाटी मी वाचली होती. माझ्या मते ती पाटीच चुकीची होती. रांग म्हणजे रांग.

मी गाडी पुढे घातली. लाल गाडीवाल्याने नाक आत आणलं, मी ते नाक कोनांवर ढकलून दिलं. एक कोन त्याच्या चाकाखाली फुटला. त्याच्याकडे मी बघितलंही नाही, बघायचं नसतंच. समोर बघत राहायचं आणि जागा द्यायची नाही. शेवटी माझ्या मागच्या लॉरीने त्याला आत घेतलं.

मोटरवेवरून मी बाहेर पडलो. आरशात पाहिलं तर लाल गाडीही बाहेर पडली. सर्कलला मी वळलो, ती वळली. गावाकडच्या अरुंद रस्त्याला लागलो, दोन्हीकडे झाडं, मध्ये माणूस नाही, तर ती मागे होतीच. तिने हेडलाइट मारले. एकदा, मग पुन्हा. कुणीतरी हात वर करून दाखवत होतं.

'पाठलाग करतोय,' मी म्हणालो.

'करू दे. तुम्ही चला,' बायको म्हणाली. 'अहो, हळू.'

तिसऱ्यांदा लाइट आले तेव्हा माझ्या डोक्यात काहीतरी अगदी स्वच्छ झालं. मी वेग वाढवला, त्याला वाढवू दिला, जवळ येऊ दिला. आरशात बघत होतो. आणि मग ब्रेकवर पाय ठोकला. 'दाबला' असं लिहिणार होतो. पण ठोकला, पूर्ण ताकदीने, त्याचं तोंड माझ्या डिकीवर आपटावं म्हणून.

ते आपटलं नाही. त्याने शेवटच्या क्षणी स्टिअरिंग फिरवलं. लाल गाडी माझ्या बाजूने घसरत गेली, गवतावर चढली आणि झाडावर आदळली. त्या आवाजानंतर बराच वेळ काच पडत राहिली.

एवढ्यावर थांबलो असतो तर स्वतःपासून तरी काही लपवू शकलो असतो. पण मी थांबलो नाही. सीटबेल्ट काढला आणि त्या गाडीकडे धावलो. मदतीला नव्हे. दार अडकलं होतं. फुटक्या खिडकीतून हात घातला, आतल्या माणसाची कॉलर धरली आणि त्याच्या तोंडात मारली. पुन्हा मारली. माझी अंगठी त्याच्या ओठाला लागून ओठ फाटला, ते मला हाताला जाणवलं. मी ओरडत होतो, 'हरामखोर, रांग मोडतोस? माझ्या मागे लागतोस?' आणि पुढचं सगळं, जे इथे लिहीत नाही.

'काका, मारू नका,' तो म्हणाला. 'आई आहे गाडीत.'

मराठीत.

माझा हात वरच होता. तेव्हा कुठे मला वेलदोड्याचा वास आला. पुढच्या काचेवर, डॅशबोर्डवर सगळीकडे नारळगुळाचं सारण उडालं होतं. मोदकांचा स्टीलचा डबा एका बाईच्या पोटाशी चेपून बसला होता. साठीची बाई, नागपुरी काठाची साडी, कपाळावरून रक्त. ती माझ्याकडे बघत होती.

'काहून मारता जी माझ्या पोराले?' ती म्हणाली. 'तो तर तुमच्याच मागं येऊन राहिला होता.'

मुलाने सांगितलं ते तुकड्यातुकड्यांनी. इंटरनेटवरून नकाशा छापून आणला होता, पण रस्त्याच्या कामामुळे त्यांचा गोंधळ उडाला. मग समोरच्या, म्हणजे माझ्या, गाडीच्या मागच्या काचेवर त्याला गणपतीचं चित्र दिसलं. आईला म्हणाला, हे आपलेच लोक, हॉललाच चाललेत, यांच्या मागे जाऊ. मी त्यांना पुढे घेतलं नव्हतं, एवढं होऊनही त्याने असं म्हटलं. लाइट त्याने ओळख म्हणून दाखवले होते. हात आई करत होती.

'चुकलं काका,' तो म्हणाला. ओठातून रक्त गळत होतं. 'मी फार जवळ आलो. सॉरी.'

इथे अपघात झाला की जागेवर सॉरी म्हणायचं नसतं. इन्शुरन्सवाले तो शब्द धरून बसतात. मंडळात नव्याने आलेल्या मुलांना मीच हे सांगत असे. पण आपल्या घरात वाढलेल्या मुलाच्या तोंडून, समोर पांढऱ्या केसांचा माणूस संतापलेला दिसला की पहिला शब्द तोच येतो. मला तो शब्द ऐकून काय वाटलं? सुटल्यासारखं वाटलं.

पोलीस आला, तरुण होता. त्याने विचारलं, ब्रेक का लावला? मी म्हणालो, 'हरीण.' त्या रस्त्यावर हरणांची पाटी होती, तेवढ्यावरून आलं असेल तोंडात. एकदा आल्यावर मी ते डावीकडून उजवीकडे पळवलंही.

त्याने मुलाला विचारलं, 'तू पाहिलंस हरीण?'

मुलाने माझ्याकडे पाहिलं. मग इंग्रजीत म्हणाला, 'अंकल म्हणतात तर असेल. चूक माझी आहे, मी फार जवळ होतो.'

'आणि ओठाला काय झालं?'

'स्टिअरिंग लागलं.'

मग पोलीस माझ्या बायकोकडे वळला. ती म्हणाली, 'माझे डोळे मिटलेले होते.' गाडीत नेहमी मिटलेलेच असायचे. पण ब्रेकच्या आधी 'अहो, हळू' म्हणताना ती माझ्याकडे वळून बघत होती.

आईला रुग्णवाहिकेत चढवलं तेव्हा बायको मागोमाग चढली.

'अगं, हॉल उघडायचाय,' मी म्हणालो.

'उघडा की. किल्ली तुमच्याकडे आहे.'

आणि मी गेलो. हॉल उघडला, लोकांना हरणाची गोष्ट सांगितली, आरती केली. तबक धरलेल्या हाताची बोटं सुजली होती. कुणीतरी विचारलं तर म्हणालो, गाडीचं दार लागलं.

संध्याकाळी बायको बसने घरी आली. चहाही न घेता स्वयंपाकघरात उभी राहिली.

'हरीण कुठून आणलंत?'

मी वर्तमानपत्र उलगडलं.

'त्या मुलाचं काय होणार आहे, कळतंय का तुम्हाला?' त्याच्या आईकडून तिला सगळं कळलं होतं. मुलगा कॉम्प्युटर दुरुस्तीच्या एका लहान कंपनीत होता, वर्क परमिटवर. रोज चार ठिकाणी गाडीने फिरायचं काम. इथली ड्रायव्हिंग टेस्ट पास होऊन वर्षही झालं नव्हतं. नवीन ड्रायव्हरला दंडाचे सहा पॉइंट लागले की लायसन्स जातं. लायसन्स गेलं की नोकरी, नोकरी गेली की परमिट. बाप नव्हता. आईला पहिल्यांदाच परदेश दाखवायला आणलं होतं आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं होतं.

'पण तो रांग मोडून घुसला होता,' मी म्हणालो.

'पाटी मीही वाचली होती.'

'तुझे तर डोळे मिटलेले होते ना?'

'जन्मात पहिल्यांदा पोलिसांशी बोलले,' ती म्हणाली, 'आणि तुमच्यासाठी खोटं बोलले. आता जा आणि खरं सांगून या.'

त्यानंतर ती माझ्या गाडीत बसली नाही. भाजी आणायलाही बसने जायची.

मी गेलो, नाही असं नाही. प्रकरण कोर्टात जायला अजून अवकाश होता. मी जबाब बदलला असता तर मुलगा सुटला असता, हे मला पक्कं ठाऊक होतं. माझं काय झालं असतं, हेही ठाऊक होतं: मुद्दाम ब्रेक मारला, जखमी माणसाला मारहाण केली. कदाचित तुरुंग. आणि मंडळात, ऑफिसच्या जुन्या लोकांत, हेडमास्तर काय निघाले बघा. पोलीस स्टेशनच्या पार्किंगमध्ये गाडी लावून मी बसून राहिलो. काय बोलायचं ते इंग्रजीत मनाशी जुळवत होतो. तेवढ्यात एका माणसाने दोन गाड्यांच्या जागेत आडवी गाडी लावली. मी काच खाली करून त्याला सुनावलं. त्यानेही सुनावलं. मी हॉर्न दाबून धरला. तो माझ्या दारावर लाथ मारून निघून गेला आणि मी घरी आलो, या देशात कुणाला शिस्त राहिलेली नाही असं म्हणत. जे करायला गेलो होतो ते राहूनच गेलं. राहूनच गेलं म्हणजे मला राहू द्यायचं होतं.

हॉस्पिटलात एकदा गेलो. मुलाच्या आईला रोज बायको डबा न्यायची, पण त्या दिवशी बायकोलाच ताप होता. मुलगा नव्हता. आई उशाला टेकून बसली होती, पाय दोरीने वर टांगलेला.

'बसा भाऊ,' ती म्हणाली.

मी बसलो.

'मी पुढंच बसली होती. मले सगळं दिसलं. हरीण तेवढं दिसलं नाही.'

मी डब्याचं झाकण उघडत होतो. ते घट्ट बसलं होतं.

'पोराले म्हटलं, सांग ना बाबा पोलिसाले. तर तो म्हणते, राहू दे आई, मोठे आहेत. त्यांचंही काही होऊन राहिलं असेल.' तिने पांघरूण सारखं केलं. 'मीच शिकवलं त्याले तसं. मोठ्यांसमोर उलटून बोलू नये म्हणून. आता वाटते, काहून शिकवलं.'

मला तिच्या पायाशी बसून बोलायचं होतं. शब्द तयार होते. मी विचारलं, 'जेवण नीट मिळतं ना इथे?'

'मिळते,' ती म्हणाली आणि तोंड खिडकीकडे फिरवलं.

कोर्टात मुलाने निष्काळजीपणे गाडी चालवल्याचा गुन्हा कबूल केला. मला जावंही लागलं नाही. सहा पॉइंट लागले. पुढचं सगळं बायकोने स्वयंपाकघरात सांगितलं होतं त्याच क्रमाने घडलं. कंपनीने महिनाभर त्याला बसने फिरू दिलं, मग नाही म्हणून सांगितलं. दुसरी नोकरी शोधायला तो रोज ट्रेनने बर्मिंगहॅमला, लंडनला जायचा. परमिटसकट घ्यायला कुणी तयार झालं नाही. आईला तोवर काठी घेऊन चार पावलं टाकता येऊ लागली होती.

ते दोघं भारतात परत गेले त्या सकाळी बायकोने मला बरोबर नेलं. 'चला' एवढंच म्हणाली. आम्ही बसने गेलो. त्यांचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर होता, लिफ्ट नव्हती. मुलाने आईला पाठीवर घेऊन खाली आणलं. मी तिची काठी धरून मागून उतरलो. त्याच्या ओठावर पांढरी रेघ राहिली होती. प्रत्येक पायरीवर मी ठरवत होतो, खाली पोचलो की.

खाली पोचल्यावर त्याने आईला टॅक्सीत बसवलं, बॅगा ठेवल्या, मग बायकोला वाकून नमस्कार केला. तिने त्याला उठवून जवळ घेतलं आणि रडली. मग तो माझ्यापुढे वाकला. मी मागे सरकायला हवं होतं. त्याचे हात धरायला हवे होते. माझा हात, तोच उजवा हात, सवयीने त्याच्या डोक्यावर गेला आणि माझ्या तोंडून निघालं, 'यशस्वी हो.'

'येतो काका,' तो म्हणाला.

टॅक्सी सुरू झाली तेव्हा बायकोने मला पाठीत ढकललं, चक्क दोन्ही हातांनी. मी खिडकीशी गेलो. आईने ड्रायव्हरला थांबायला सांगितलं आणि काच खाली केली. मुलगा पलीकडच्या बाजूने वाकून बघत होता. ती माझ्या तोंडाकडे बघत थांबली. राग नव्हता तिच्या चेहऱ्यावर. ती खरोखर वाट बघत होती.

'बोला भाऊ,' ती म्हणाली.

'पोचलात की फोन करा,' मी म्हणालो.